साओ पावलोला जाण्याआधी

जळगाव,
ता. ६ फेब्रुवारी १९९४

प्रिय विमल,

हे पत्र चुकून तुझ्या नावाने आलं असं समजून हेमराजच्या हातात देऊ नकोस. नाव तुझं आहे आणि पत्रही तुलाच आहे. मी धनकुंवर, हेमराजची आई. तेवीस वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, म्हणून आज सुनेला स्वतःची ओळख सांगून सुरुवात करावी लागते आहे. मराठीतच लिहिते. मारवाडी आमची घरात बोलण्यापुरती. धुळ्याला नगरपालिकेच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले ती मराठीच. अक्षर वाकडं आहे त्याचा वयाशी संबंध नाही, ते पहिल्यापासून तसंच आहे.

दिवाळीनंतर एका रविवारी हेमराजचा फोन आला तेव्हा मी त्याला म्हटलं, मला तुमचं साओ पावलो बघायचंय. तो म्हणाला, "बाई, खरंच?" आणि रडायला लागला. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस! त्यानंतर आमच्या घरी दुसरा विषय नाही. धुळ्याचा माझा भाऊ भिकमचंद, त्याचा मुलगा गौतम खड्यांच्या व्यापारासाठी तिकडे येतो, तुमच्याकडे दोनदा जेवूनही गेला आहे. त्याने पासपोर्टचे कागद भरले. पोलीस चौकशीला हवालदार आला, चहा घेतला, गावाचं नाव तीनदा विचारून घेतलं आणि शेवटी वहीत "सावपावला" असं लिहिलं. मी म्हटलं, असू द्या, सावकाश पावलांनीच जायचंय. गुडघे कुठे धड आहेत? मुंबईला जाऊन एक इंजेक्शनही घ्यायचं आहे, पिवळ्या तापाचं. त्याचा दाखला नसला तर येताना आपलेच लोक विमानतळावर अडकवून ठेवतात म्हणे.

माझी खरी काळजी जेवणाची. सूर्यास्तानंतर मी काही घेत नाही हे तुला माहीत असेल. गौतम म्हणतो, तिकडे जूनमध्ये सूर्य साडेपाचलाच मावळतो. मग मला वाटलं, तिकडे पाऊस आपल्या दिवाळीच्या पुढे पडतो, तर चौमासा कोणता धरायचा? इथला की तिथला? आमच्या जैन स्थानकात जाऊन तिथल्या साध्वींना, महासतीजींना विचारलं. त्या इतक्या हसल्या! म्हणाल्या, "धनकुंवरबाई, आधी जाऊन तर या." म्हणून मग एप्रिलमध्ये निघायचं आणि आषाढाच्या आत परत यायचं, असं मनाशी धरलं आहे. खाखरे, मेथीची पावडर, मुगाच्या वड्या नेईन. तुमच्याकडे कसल्यातरी मुळाचं पीठ सगळ्यात घालतात, ते मला चालणार नाही. पण पेरूची वडी मिळते आणि बाजारात भेंडी मिळते, हे ऐकून जीव भांड्यात पडला.

गौतम रोज काहीतरी सांगत बसतो आणि मी ऐकत बसते. ती भेंडी विकणारी म्हातारी जपानी असते. पाववाला इटलीचा. एक अख्खी गल्ली कापडाच्या दुकानांची आहे, तिथले दुकानदार लेबनानहून आलेले. त्यांचे आजे पाठीवर गाठोडी घेऊन खेडोपाडी कापड विकायचे आणि आता तिसरी पिढी गल्ल्यावर बसते. मी गौतमला म्हटलं, ही तर आमचीच गोष्ट झाली. माझे आजेसासरे मारवाडातून आले तेव्हा त्यांच्याकडे एक लोटा आणि एक घोंगडी होती. पारोळ्याच्या बाजारात ते जमिनीवर पटकूर टाकून धोतरं विकायचे. तिथल्याच एका पाटलाने त्यांना पहिली दोन वर्षं आपल्या ओसरीवर झोपू दिलं. ही गोष्ट आमच्या घरात प्रत्येक लग्नात सांगतात. मी शंभरदा ऐकली असेल. आणि तरी त्याच तालुक्यातल्या अभिमन पाटलांची मुलगी, तू, माझ्या घरी आलीस, तेव्हा मला ती गोष्ट आठवली नाही.

त्या दिवसाबद्दल लिहायचं टाळत इथपर्यंत आले. पण आता लिहिते. एकाहत्तरचा एप्रिल होता, दुपारचे दोन वाजले असतील. धुळ्याला नोंदणी लग्न करून तुम्ही दोघं सरळ आलात. तुझ्या अंगावर मोरपंखी पातळ होतं, हातात वेणीची पुडी होती, बहुधा माझ्यासाठी आणलेली. हेमराजचे वडील तुम्हाला बघताच दुकानात निघून गेले. शेजारपाजारच्या खिडक्या उघडल्या. मी हेमराजला म्हटलं, तू आत ये, ही नाही. तो आला नाही. तू म्हणालीस, "बाई, आत येत नाही. नमस्कार करून जाते." आणि मी दार लावलं. जोरात नाही लावलं, शांतपणे लावलं, ते जास्त वाईट. फटीतून मला दिसलं, तू बंद दाराला वाकून नमस्कार केलास आणि मग उन्हात रस्ता उतरून गेलीस. तुला वाटलं असेल कुणी बघितलं नाही. मी बघितलं होतं. हे मी कुणालाही सांगितलं नाही. हेमराजचे वडील अठ्ठ्याऐंशी साली गेले, त्यांनाही नाही.

ते गेले तेव्हा हेमराज एकटाच आला. आठ दिवस राहिला. मी तुझी चौकशी केली नाही. निघताना तो म्हणाला, "बाई, एकदा तरी तिचं नाव घ्या." मी डब्यात लाडू भरत राहिले. नाव घ्यायचं मनात नव्हतं असं नाही गं. इतकी वर्षं घेतलं नव्हतं, तर आता कोणत्या तोंडाने घ्यायचं, हेच कळेना. हट्ट केव्हाच संपला होता, नुसती सवय उरली होती.

आता त्या फोनच्या आधीचं, गेल्या कार्तिकातलं सांगते. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. भिकमचंदच्या ओळखीचे डॉक्टर, म्हणून ऑपरेशन धुळ्याला केलं. बायकांच्या खोलीत शेजारच्या खाटेवर माझ्याच वयाची एक बाई होती, खेड्यातली, कपाळभर कुंकवाच्या जागी गोंदण. दोघींच्याही एकेका डोळ्यावर हिरवी पट्टी. चार दिवस हलायचं नाही, वाकायचं नाही, मग बोलण्याशिवाय दुसरं काय करणार? ती अहिराणीत बोलायची, मी मराठीत. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मनी पोर दूर देशमा शे." माझा मुलगाही तिकडेच कुठेतरी असतो, असं मी म्हटलं. तिने उशीखालून एक फोटो काढला. सतरा वर्षांची मुलगी, हातात सारंगीसारखं काहीतरी. "मनी नात. मुक्ता. मुक्ताबाईले नवस करा व्हता, म्हनीसन नाव मुक्ता." मग तिने त्या गावाचं नाव घेतलं, हवालदारापेक्षा कितीतरी नीट.

मी ओळखलं, विमल. ती तानुबाई होती, तुझी आई. आमच्या दोन घरांचं कधी येणंजाणंच नव्हतं, तेव्हा ती मला कशी ओळखणार? त्याच वेळी मी नाव सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. उलट भित्र्यासारखं विचारलं, मुलीची सासू कशी आहे? ती म्हणाली, "सासूनी दार लाई दिधं व्हतं." मी पुढचं ऐकायची वाट बघत पडून राहिले. वाटलं, आता शिव्या देईल, आणि खरं सांगते, द्याव्यात असं वाटत होतं. तिने फोटो परत उशीखाली सरकवला आणि म्हणाली, "तिना बी पोरगा गया ना वं. तिले काय कमी दुख व्हयनं व्हई?"

तिच्याकडूनच कळलं की एक्क्याऐंशी साली अभिमनभाऊ गेले तेव्हा तू चार वर्षांच्या मुक्ताला घेऊन आली होतीस. जळगाव स्टेशनावर उतरलीस, आणि तिथून सरळ पारोळ्याची बस धरलीस. माझ्या घरापासून स्टेशन दहा मिनिटांवर आहे. मुक्ताने विचारलं होतं म्हणे, बाबांची आई कुठे असते? तू तिला सांगितलंस, इथेच, पण आत्ता त्यांना बरं नाही. तानुबाईने हे सहज सांगितलं आणि कूस बदलून झोपली. मला डॉक्टरांनी रडू नका म्हणून बजावलं होतं.

चौथ्या दिवशी पट्ट्या काढल्या. गौतम न्यायला आला होता. मी तानुबाईजवळ गेले आणि नाव सांगितलं. नवऱ्याचं, मुलाचं, घराचं, सगळं सांगितलं. "तूच शे का ती?" ती एवढंच म्हणाली. मी मान हलवली. मग तिने माझा हात धरला आणि खाटेवर आपल्या शेजारी बसवून घेतलं. गौतम अर्धा तास बाहेर उभा होता. मी तिला एकच मागितलं, हे विमलला तू कळवू नकोस, मीच लिहीन. तिने शब्द पाळला असणार. मलाच लिहायला तीन महिने लागले.

आता हे पत्र आजच का लिहिलं ते सांगते. फोनवर मी हेमराजला सगळी तयारी करायला लावली खरी, पण तिकीट माझं नाही, तुझ्या आईचं काढायला सांगितलं आहे. पासपोर्टचे फॉर्म आम्हा दोघींचे एकदमच भरले होते आणि तिचा आधी आला. तेरा वर्षं तिने तुला पाहिलेलं नाही, एकटी यायला घाबरते, म्हणून एप्रिलच्या नऊ तारखेला गौतम तिला सोबत घेऊन निघेल. तुला आधी कळवू नको असं मी हेमराजला सांगितलं होतं. ही बातमी माझ्याकडून तुला मिळावी, एवढा लोभ मला सुटला नाही. तानुबाई येणार हे पक्कं आहे, तू मला काहीही उत्तर दिलंस तरी. गौतमच्या शेजारची अजून एक जागा धरून ठेवली आहे. हेमराज म्हणतो, बाई, विचारायचं काय त्यात, घर तुमचंच आहे. मुलगा असंच म्हणणार. पण घर तुझं आहे, आणि मी तुला विचारते आहे. नको म्हणालीस तर मी हेमराजला गुडघ्यांचं कारण सांगेन, तुझं नाव येऊ देणार नाही, आणि तुझ्या आईबरोबर मुक्तासाठी डबा देईन. ये म्हणालीस तर त्यात क्षमेचं वगैरे काही लिहू नकोस. ती मागायची तर समोर बसून मागेन. फक्त तिकडे एप्रिलमध्ये थंडी किती असते आणि शाल एक पुरेल की दोन आणू, तेवढं तुझ्या हाताने कळव.

तुझ्या उत्तराची वाट बघणारी,
तुझीच,
धनकुंवर