औषध निघालंय, नंदाताई

प्रिय नंदाताई,

नऊ वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, आणि या पंधरा दिवसांत तीनदा कागद घेऊन बसलो. दोनदा फाडून टाकला. आज मात्र लिहितोच. आईला सांगायला गेलं की ती डोळ्याला पदर लावते. बायको ऐकून घेते, पण तिनं तुला कधी पाहिलंच नाही. मंग सांगू कुणाला?

तुझ्या आजारावर औषध निघालं गं!

म्हणजे निघून बरेच दिवस झालेत. मलाच उशिरा कळलं. आमच्या कारखान्यातल्या एकानं मोबाइलवर बातमीचं कात्रण पाठवलं. (हो, मी आता एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात आहे, तपासणी विभागात. सळईचा तुकडा मशीनमध्ये धरायचा, तुटेपर्यंत ओढायचा, किती ताण सोसला ते लिहून ठेवायचं.) कात्रणात ठळक लिहिलं होतं, 'थॅलेसेमियावर उपाय सापडला'. मी वाचलं आणि मला आनंद झाला नाही, ताई. राग आला. इतका, की हातातला मोबाइल टेबलावर आपटला. समोरचा माणूस घाबरून म्हणाला, "काय झालं भाऊ, घरी काही झालं का?"



मंग तू करायचीस तेच केलं. आधी विचारलं, कशावर झालंय? उंदरावर की माणसावर?

आठवतंय का तुला? दर तीन आठवड्यांनी आई तुला रक्त चढवायला न्यायची. शाळा सुटली की मी मस्तगडच्या घरून दवाखान्यात डबा घेऊन यायचो. तू पलंगावर बसलेली, एका हाताला पिशवीची नळी, दुसऱ्या हातात पेपर. शेजारच्या पलंगांवरच्या लेकरांच्या आया तुझ्याकडं कात्रणं घेऊन यायच्या. कुणी झाडपाल्याची जाहिरात आणायची, कुणी परदेशातल्या संशोधनाची. एकदा एका बाईनं मोठ्या आशेनं विचारलं, "नंदाबाई, यात लिहिलंय की आता रक्त चढवायची गरजच न्हाई. खरंय का?" तू बातमी शेवटपर्यंत वाचलीस आणि म्हणालीस, "मावशी, हे उंदरावर झालंय. उंदीर बरा झाला, चांगली गोष्ट आहे. आपल्याला अजून थांबायचंय." ती बाई हिरमुसली. तू तिला तुझ्या डब्यातला शिरा दिलास. माझ्या वाटणीचा शिरा होता तो!

तर हे माणसावर झालंय, ताई. खरंच. माणसाच्या स्वतःच्याच मज्जेतल्या पेशी बाहेर काढतात, त्यांच्या जनुकात एक बारीक बदल करतात आणि परत शरीरात सोडतात. आईच्या पोटात असताना बाळ जे हिमोग्लोबिन बनवतं आणि जन्मल्यावर विसरून जातं, ते बनवायला शरीर पुन्हा सुरुवात करतं. काही देशांत परवानगीसुद्धा मिळालीय. कितीतरी जणांचं रक्त चढवणंच बंद झालं म्हणे. मधे कडक औषधं घ्यावी लागतात, धोका आहे, आणि आपल्या जालन्यापर्यंत ते कधी येईल कुणास ठाऊक. तू हे सगळं वाचून वर चार प्रश्न विचारले असतेस. मला चार सुचले नाहीत. एकच सुचला. तेव्हा कुठं होतं हे?

पण ही बातमी मी असल्या दिवशी वाचली, की त्या दिवशी दुसरं काहीही वाचलं असतं तरी मी भडकलोच असतो. रोहिणीला, म्हणजे माझ्या बायकोला, दिवस गेलेत. आणि तिच्या रक्ताचा रिपोर्ट संभाजीनगरहून यायचा होता.

आता मी काय केलं ते सांगतो. तू असतीस तर कानाखाली मारली असतीस.

माझ्यात तुझ्या आजाराचा अर्धा वाटा आहे, हे तूच तपासून घ्यायला लावलं होतंस. मला स्वतःला काही होत नाही. पण बायकोतही तोच अर्धा वाटा निघाला तर लेकरू तुझ्यासारखं होऊ शकतं. तू मला बजावलं होतंस, "दिगू, लग्नाच्या आधी मुलीचं रक्त तपास. पत्रिका बघू नको, रक्त बघ." मी मान हलवली होती. पण मंठ्याचं स्थळ आलं, रोहिणी पसंत पडली, आणि शहागडचे काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "मुलीचं रक्त मागशील तर त्येंच्या घरचे काय म्हणतील? जमलेलं मोडायचंय का?" मी त्यांचं ऐकलं. तुझ्याबद्दल तिच्या घरी 'रक्ताचा काहीतरी आजार होता' एवढंच सांगितलं गेलं. तेही काकांनीच सांगितलं, मी खाली बघत बसलो होतो.

आता डॉक्टरांनी पहिल्याच तपासणीत घरातल्या आजारांबद्दल विचारलं. मी सांगितलं. त्या बाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "मग हिची तपासणी लग्नाआधी केली नाही?"

रोहिणी माझ्याकडं बघत राहिली. घरी आल्यावर म्हणाली, "मला नुसतं इचारलं असतं ना, तर मी हात पुढं केला असता. तुम्ही मला इचारलंच न्हाई."



रिपोर्टला पाच दिवस लागले. त्या पाच दिवसांत मी काय काय केलं! एकदा दूध आणायला गेलो आणि दूध न घेताच परत आलो. कारखान्यात एका सळईचा आकडा दुसरीच्या पुढं लिहिला, अख्ख्या पाळीच्या सळया पुन्हा तपासाव्या लागल्या. जेवायला बसायचो आणि उठायचो. शेवटी आई वैतागून म्हणाली, "बस की एका जागी. का असा फिरून राह्यला?"

मी तिला ते कात्रण वाचून दाखवलं. वाटलं, तिला बरं वाटेल. ती ऐकत ऐकत एकदम भाजी निवडायची थांबली आणि म्हणाली, "म्हंजी नंदी खरं बोलत होती."

"काय खरं बोलत होती?"

आणि मंग तिनं ते सांगितलं, जे तुम्ही दोघींनी इतकी वर्षं माझ्यापासून लपवलं.

मी चौदाचा होतो, तू सतरा वर्षांची. आपल्या दोघांचं रक्त पुण्याला तपासलं होतं, माझी मज्जा तुला चालते का बघायला. मला सांगितलं, जुळलं नाही. मी दोन दिवस रडलो होतो. आणि ते जुळलं होतं, ताई! बराबर जुळलं होतं! डॉक्टरांनी सांगितलं होतं की उशीर झालाय, रक्त चढवून चढवून तुझ्या यकृतात लोह साठलंय, धोका मोठा आहे, जीवही जाऊ शकतो. पण करायचं तर करता येईल. बाबा तयार होते. आई घाबरली होती. आणि तू दोन दिवस मागून घेतलेस आणि नाही म्हणालीस.

"ती म्हन्ली," आई सांगत होती, "आई, पुढं याच्याहून चांगलं काहीतरी निघणार हाय. मी वाचून राह्यले. थांबू आपण. आणि दिगूला जुळलं न्हाई असंच सांग, उगं मनाला लावून घील."

मी आईवर ओरडलो. आजवर कधी ओरडलो नव्हतो. मंग गच्चीवर जाऊन उभा राहिलो, खाली आलो, परत वर गेलो.

तू थांबलीस कशावर, ताई? साऱ्या वॉर्डाला उंदीर आणि माणूस यातला फरक सांगणारी तू, स्वतःचा जीव कुठल्या बातमीवर लावलास? खरंच विश्वास होता, की भीती वाटली आणि तिला विश्वासाचं नाव दिलंस? माझ्या हाडात सुई जाईल म्हणून तर नाही ना थांबलीस? सांग ना! मला एकदा तरी विचारायचं होतंस. मी हो म्हणालो असतो.

हे लिहिलं आणि लक्षात आलं, रोहिणीचं वाक्य मी तुला म्हणतोय.

तुझं चुकलं असं मला पूर्ण म्हणताही येत नाही, हाच त्रास आहे. ते केलं असतं तर कदाचित सतराव्या वर्षीच गेली असतीस. थांबलीस म्हणून आणखी आठ वर्षं मिळाली. त्या आठ वर्षांतलाच तो पुण्याचा प्रवास. काळजात किती लोह साठलंय ते मोजणारं मोठं चुंबकाचं मशीन. तू त्यात झोपून आलीस आणि घाबरायच्या ऐवजी तिथल्या माणसाला भंडावून सोडलंस. परतीच्या एसटीत मला सांगत होतीस, "त्यातलं चुंबक इतकं थंड ठेवतात दिगू, की आपल्याला कल्पना करता येणार न्हाई. म्हणून ते सांभाळायला अवघड. साध्या हवेत विनाअडथळा वीज नेणारा पदार्थ कुणी शोधला ना, तर असलं मशीन आपल्या जालन्यातपण येईल."

दोन-तीन वर्षांपूर्वी तशी बातमी आली होती. तसला पदार्थ सापडला म्हणे. मी दिवसभर ती सगळ्यांना दाखवत फिरलो. मंग जगभरच्या लोकांनी करून बघितलं आणि कुणालाच ते जमेना. मला तर कळायला हवं होतं! एका नमुन्यावर आम्ही सळईच्या गाडीला शिक्का देत नाही. पण त्या दिवशी मला तपासणी नको होती. तुला सांगता येईल अशी एक खरी बातमी हवी होती फक्त.

रिपोर्ट पाचव्या दिवशी दुपारी आला. रोहिणीचं रक्त ठीक आहे. बिलकुल ठीक. आपल्या बाळाला फार तर माझ्यासारखा अर्धा वाटा येईल, आजार नाही.

मी नाचलो, ताई. कारखान्यात सगळ्यांना मिठी मारली. येताना पेढे घेतले, गल्लीत वाटले. आईच्या हातावर पेढा ठेवला तर तिनं तो तसाच धरून ठेवला. म्हणाली, "पेढे कशाचे रे? नंदीसारखं लेकरू व्हणार न्हाई म्हणून?"



आई रागानं बोलली नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं, खायचा की नाही. आणि मलाही कळेना. तुझ्यासारखं मूल नको म्हणून मी पेढे वाटले का? तो आजार नको, ती पिशवी नको, साठलेलं लोह काढायला पोटाला लावायची ती सुई नको, हे खरं. पण तू? तू नको होतीस का आम्हाला? देवाशप्पथ नाही, ताई. पण हे दोन वेगळे करायला मला आयुष्यात कधी जमलं नाही. त्या संध्याकाळी रोहिणी म्हणाली, "मला त्यांच्याबद्दल सांगा. आजार सोडून." आणि मी तोंड उघडलं तर पहिलं वाक्यच हॉस्पिटलचं आलं! बऱ्याच वेळानं आठवलं की तू पत्त्यांत उघडउघड चोरी करायचीस आणि पकडली गेलीस की उलट माझ्यावरच ओरडायचीस. रोहिणी खूप हसली. आई आतून म्हणाली, "बाबांचेबी पत्ते बघायची ती." आणि मंग तिनं पेढा खाल्ला.

मागच्या रविवारी शहागडला गेलो. काकांच्या मनीषाची बोलणी चालू आहेत. आजाराचा जो अर्धा वाटा बाबांत होता, तो काकांत आणि तिच्यात असू शकतो. ओसरीवर बसून मी काकांना सगळं सांगितलं, तुझं नाव घेऊन, आजाराचं नाव घेऊन. काका भडकले. "तुझं निभावलं ना? मंग झालं की! पोरीच्या सोयरिकीत कशाला इघ्न आणतो?"

मी म्हणालो, "काका, मागच्या वेळी मी तुमचं ऐकलं. ते पाच दिवस तुम्हाला सांगता येणार न्हाईत मला."

ते उठून गोठ्याकडं निघून गेले. मला वाटलं, संपलं. तर मनीषा दारात उभी होती, सगळं ऐकून. म्हणाली, "दादा, कधी यायचं रक्त द्यायला? आणि त्या पोराचं पण तपासायचं ना? मीच इचारते त्याला. त्याचा नंबर हाय माझ्याकडं."

किती सोपं केलं तिनं! मी तीन वर्षांपूर्वी जे तोंडातून काढू शकलो नाही, ते तिनं उभ्या उभ्या मिटवलं. काका अजून बोलत नाहीत माझ्याशी. बोलतील किंवा नाही बोलणार. ती मंगळवारी येणार आहे.

तर आता ऐक. आपल्या दोन्हीकडच्या घरांत लग्नाला आलेलं जे कुणी असेल त्याच्या दारात मी जाईन, चहा देवोत की न देवोत. आमच्या लेकराला तू आधी पत्ते चोरणारी आत्या म्हणून कळशील, आजार त्यानंतर. आणि ते नवं औषध इकडं यायचं तेव्हा येईल. आलं की तुझ्या वॉर्डात जाऊन मी स्वतः सांगेन. पण तोवर नुसता बसून राहणार नाही, ताई. आपल्या घरानं वाट बघायची ती तू बघितलीस, तेवढी पुरे.

तुझा,
दिगू
मस्तगड, जालना