निरंक

सोमवार, ७ एप्रिल

प्रमोदिनीकाकू आज माझ्या तप्तयोगाच्या वर्गात कोसळल्या.

चाळीस अंशांच्या खोलीत पाऊण तास झाला होता. एका पायावर उभ्या होत्या आणि एकदम खालीच गेल्या. ओठ पांढरे. मी हीटर बंद केले, दार उघडलं, तोंडावर पाणी मारलं. ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. ऑटोवाले शंकरप्पा माझ्या ओळखीचे. म्हणाले, "भाईर बेचाळीस हाय मॅडम. आत आणिक तापवून कशाला राहिले तुम्ही?" काय सांगणार!

डॉक्टरांनी विचारलं, "बीपीची गोळी कधीपासून?" मी म्हटलं, यांना बीपी नाही. काकूंनी डोळे मिटूनच सांगितलं, "सहा वर्षं."

घरी येऊन त्यांचा प्रवेशअर्ज काढला. 'काही आजार असल्यास' — निरंक. मग सगळेच अर्ज काढले. चौतीस माणसं, चौतीस निरंक. नांदेडात एवढी ठणठणीत माणसं असती तर दवाखान्यांच्या रांगा कुणाच्या?

मंगळवार, ८ एप्रिल

वर्ग बंद ठेवला. तप्तयोगाच्या मुख्य केंद्राला सगळं कळवलं. तासाभरात उत्तर — "चक्कर हे शुद्धीचं लक्षण आहे. साधकाला मध्येच पाणी देऊ नये."

तीनदा वाचलं. कारण काकूंनी पाणी मागितलं होतं, विसाव्या मिनिटाला. मी म्हणाले होते, थांबा काकू, सवय होईल.

गुरुवार, १० एप्रिल

काकूंना भेटून आले. रेल्वेच्या ऑफिसात हेडक्लार्क आहेत. पलंगावर बसूनच मला चहा करायला लावला आणि साखर कमी म्हणून नावंही ठेवली. म्हणजे बऱ्या आहेत! मी माफी मागितली. रडलेच. त्या माझा हात धरून म्हणाल्या, "अगं, चूक माझीपण आहे. आमच्या ऑफिसात रकाना मोकळा सोडत नाहीत, सवयीनं निरंक लिहिलं जातं. आणि खरं लिहिलं असतं तर घेतलं असतंस का मला?"

नसतं घेतलं.

"मग? घरात माझ्या गुडघ्यांचं कुणी ऐकत नाही. तुझ्याकडे तासभर कुणीतरी माझ्याकडे बघायचं. म्हणून यायचे."

शनिवार, १२ एप्रिल

कालपासून वर्ग सुरू. प्रत्येकाजवळ पाण्याची बाटली, खरी माहिती लिहायला नवे अर्ज. आठ जणांना बीपी, पाच जणांना शुगर, एकीचं हृदयाचं औषध चालू! तिला आधी डॉक्टरांना विचारून या म्हटलं.

आज मध्येच वीज गेली. हीटर बंद. कुणाला कळलंसुद्धा नाही. अर्ध्या तासानं थर्मामीटर पाहिला — एकोणचाळीस! मग आमच्या तप्तयोगाच्या गुरुजींनी हिमालयाच्या गुहेत बारा वर्षं बसून शोधलं ते काय? ते तर आमच्या पत्र्याखाली फुकट आहे.

दुपारी लातूरहून स्वप्नालीचा फोन. आम्ही दोघी गुरुजींच्या शिबिरात एकाच खोलीत राहायचो, आता तीही तिकडे वर्ग घेते. म्हणाली, "गुहा-बिहा काही न्हाई गं. त्यांच्या पहिल्या शिष्यानं सगळं लिहिलंय. परदेशात हॉल थंड होता म्हणून हीटर लावले. लोकांना घाम आला, बरं वाटलं. हजारो वर्षांची विद्या मागाहून झाली."

मी भांडले तिच्याशी. स्कूटरवरून पडल्यावर वर्षभर मला वाकता येत नव्हतं. माझी पाठ याच आसनांनी सुटली. हे तर खोटं नाही ना?

ती म्हणाली, "आसनं खरीच आहेत. माणूस खोटा आहे." आणि पुढं — "शिबिरात ते मला पाठ सरळ करतो म्हणून खोलीत बोलवायचे. नको तिथं हात लावायचे. मी तक्रार करून राहिले, प्रिया. तुला कधी बोलावलं होतं का?"

नाही म्हणाले. लगेच म्हणाले.

सोमवार, १४ एप्रिल

जयंती. लातूरजवळ मुरुडला घरी आले. मिरवणुकीत चालले, पण जीव लागला नाही.

मंगळवार, १५ एप्रिल

बाबांना काकूंची हकीकत सांगितली. ते पंचायतीत क्लार्क होते, रकाना मोकळा न सोडण्याची शिस्त मला त्यांचीच. वाटलं, काकूंची बाजू घेतील. चष्मा पुसत म्हणाले, "न्हाई तिथं निरंक लिवायचं, बुद्धप्रिया. हाय तिथं हाय ते लिवावं की. न्हाईतर कागद कशाला केला?"

मी उठून आत गेले. आई मागून आली, "पोट दुखून राहिलं का गं?" म्हणाली. हो म्हटलं.

शिबिर संपताना गुरुजींनीही एक अर्ज भरून घेतला होता. शेवटचा रकाना — 'तक्रार असल्यास'. माझं अक्षर किती सुवाच्य म्हणून कौतुकही झालं होतं.

निरंक.

बुधवार, १६ एप्रिल

नांदेडला परतताना लातूरलाच बसमधून उतरले. फोन केला होता म्हणून स्वप्नाली स्टँडवर आली होती; तिच्या तक्रारीच्या वकीलबाईंकडे घेऊन गेली. वकीलबाईंनी छापील अर्ज पुढे केला. नाव, वय, पत्ता, तक्रार.

लिहिलं — शिबिराच्या एकोणिसाव्या दिवशी मलाही बोलावलं होतं.

रकाना पुरला नाही. मागची बाजूही भरली.