साबणाचं तोंड

कलाशाळेचं वसतिगृह
४ मार्च

ती. थोरलीस,
धाकटीचा सा. न. वि. वि.

तू माझ्याहून जेमतेम काही मिनिटांनी मोठी, त्यामुळे ‘ती.’ लिहिताना हात जड होतो. पण काम तुझ्याकडे आहे, म्हणून लिहिते. फोन का केला नाही, असं विचारशील. फोनवर तू ऐकता ऐकता भांडी घासतेस आणि मी रंगात आले की ‘बरं’ म्हणून मोकळी होतेस. पत्र तुला बसून वाचावं लागेल.

माझं शेवटच्या वर्षाचं काम ठरलं. मागच्या सुट्टीत आपण स्वयंपाकघरातल्या टेबलावर आडव्या होऊन एकमेकींच्या तोंडाचे साचे काढले होते, आठवतं ना? आधी सराव म्हणून तुझा. नाकात नळ्या, तोंडभर व्हॅसलीन, वर प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या, आणि तू हसलीस म्हणून ओठापाशी पट्ट्या सरकल्या आणि पुन्हा लावाव्या लागल्या तेव्हा आईने दोघींना घातलेल्या शिव्या. मग तू माझा काढलास, तोही श्वास रोखून, जणू तुलाच गुदमरायला होणार होतं. त्या माझ्या साच्यातून मी इतके महिने तोंडं ओतते आहे. साखरेचं ओतलं, ते मुंग्यांनी नेलं. कागदाच्या लगद्यात लोखंडाचा कीस घालून केलं, ते गंजून छान लाल झालं, पण हात लावला की गाल पडायचा. सरसाचं केलं, ते वाळताना इतकं आक्रसलं की मी रागावलेल्या आजीसारखी दिसायला लागले. शेवटी साबण सापडला.

साबण वितळवायचा, त्यात कोळशाची पूड घालायची आणि ओतायचा. प्रदर्शनाच्या दालनात एक बेसिन, एक नळ आणि शेजारी फळीवर माझी तोंडं. येईल त्याने एक उचलायचं आणि त्याने हात धुवायचे. नाक जाईल, ओठ जातील, शेवटी नुसती गुळगुळीत वडी उरेल. जन्मभर लोकांनी मला एकच प्रश्न विचारला आहे, यातली तू कोणती? आता घ्या हातात आणि बघा म्हणावं. कामाचं नाव आहे ‘फक्त मी’.

सरांना ते पसंत नाही. साबण न्हाणीघरात शोभतो, असं ते म्हणाले. फायबरमध्ये कर आणि वर ब्राँझचा रंग दे, परीक्षकांना तेच आवडतं. मी म्हटलं की ब्राँझ ज्यांना बदलायचं नसतं त्यांच्यासाठी असतं. त्यावर त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं. मी गेले, पण साबण घेऊनच गेले.

एकच कटकट आहे. दर ओतकामात डाव्या नाकपुडीशेजारी हवेचा बुडबुडा अडकतो आणि तिथे खड्डा पडतो. साचा ठोकला, साबण हळू ओतला, तरी तोच खड्डा तिथेच. मग गरम सुरीने साबण लावून बुजवत बसते.

आता काम. अठ्ठावीसला प्रदर्शन उघडतंय, तू यायचं. आणि रविवारच्या पुरवणीत माझा फोटो येणार आहे, तोंडासकट. तेवढा कापून ठेव.

आईबाबांना नमस्कार. तुझा लोभ आहेच, तो भांडी घासतानाही असू दे.

तुझी,
धाकटी


१० मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. त्यातला पहिला, तुला अक्कल येवो.

फोटो कापून ठेवायची वेळच आली नाही. आमच्या चष्म्याच्या दुकानातल्या कारागिराने तो कापून माझ्याच काउंटरच्या काचेवर चिकटवला. तुला माहीतच आहे, माझं सगळं काम तोंडांशी. समोरच्याच्या नाकावर चौकट बसवायची, कानामागे बोट घालून दांडी वाकवायची, डोळ्यात डोळे घालून माप घ्यायचं. सोमवारपासून लोक आरशात स्वतःकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघतायत. एका काकूंनी मला विचारलं की तुमचा वास कुठला, गुलाबाचा की चंदनाचा. काल मालकांनी आत बोलावलं. फार गोड बोलले. थोडे दिवस मागच्या खोलीत काचा घासायला बस म्हणाले, लोक विसरले की परत पुढे ये. मी अजून हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही.

तू पत्रभर ‘माझं तोंड, माझं तोंड’ लिहिलं आहेस. हे तोंड घेऊन आणखी कुणी हिंडतं, हे लिहिताना तुला आठवलं का गं? तू ते नळाखाली धरणार आणि टाळ्या घेणार. मला तेच घेऊन सकाळी कामावर जायचंय. शाळेत खिडकीची काच तू फोडलीस आणि वर्गाबाहेर मी उभी राहिले, कारण बाईंना फरक कळला नाही आणि तू सांगितलं नाहीस. मला ते अजून लागतं. तेव्हा मी गप्प बसले होते. आता बसणार नाही.

कलेला माझा विरोध नाही. पाय कर, गुडघे कर, हवे तर कान कर. तोंड काढून टाक. माझी परवानगी नाही.

आई तुझ्या बाजूने आहे, बाबा वर्तमानपत्राच्या मागे आहेत. लोभ आहे, पण सध्या तो रागाच्या खाली दबला आहे, शोधावा लागेल.

थोरली


१३ मार्च

ती. थोरलीस, सा. न. वि. वि.

काढणार नाही.

नीट वाच, परत लिहिते. काढणार नाही. तोंड माझं, साबण माझा, नळ कलाशाळेचा. तुझी परवानगी मी मागितलीच नव्हती, तेव्हा ती नाही हे कळवायची तसदी उगाच घेतलीस. काचेबद्दल म्हणशील तर तेव्हा मी घाबरट होते. आता नाही, म्हणून तर हे काम करते आहे.

तुला वाटतं मी मिरवते आहे. अगं, मला वीट आलाय. वर्गात नवीन आलेला प्रत्येक जण तुझा फोटो बघून म्हणतो की अय्या, हुबेहूब. जणू मी तुझी प्रत आहे, आणि तीही जरा उशिरा निघालेली. मला एकदा माझ्या तोंडाचं काय होऊ शकतं ते बघायचंय. ते गंजू दे, विरघळू दे, काहीही होऊ दे, पण ते मी ठरवणार. सर नको म्हणतात, तू नको म्हणतेस, आता दालनाचा रखवालदारही फरशी ओली होईल म्हणून नको म्हणतोय. सगळ्यांनी मिळून नको म्हटलं तरी साबण ओतला जाणार. कालच चार ओतली. चौघींना तोच मेला खड्डा, चारही बुजवून सपाट केले.

आणि त्यातलं अर्धं तुझं आहे असं वाटत असेल, तर कुठलं अर्धं ते एकदा कळव. तेवढं झाकून ठेवीन.

मालकांना सांग, काचा त्यांनीच घासाव्यात. लोभ शोधत बसू नकोस, माझा इथे वरच ठेवलेला आहे.

धाकटी


१६ मार्च

चि. धाकटीस, अ. आ.

कुठलं अर्धं विचारतेस? अख्खं.

तुझं पत्र वाचून मी इतकी संतापले की पहिलं पत्रही काढून परत वाचलं, भांडायला मुद्दे हवेत म्हणून. डाव्या नाकपुडीशेजारी खड्डा. दर वेळी, त्याच जागी. आणि वाचता वाचता माझं बोट आपोआप तिथे गेलं. कांजिण्यांत मी खाजवलं होतं आणि व्रण राहिला होता, तो. बुडबुडा नाही गं तो, मी आहे. तू इतके महिने गरम सुरीने मला बुजवते आहेस.

तरी खात्री करून घेतली. घरी राहिलेला साचा कपाटावरून काढला आणि मेणबत्त्या वितळवून आत ओतल्या. निघालेला गाल साफ. पण कपाळावर उजवीकडे खोक, झोपाळ्यावरून पडल्याची, तुझी. आईला विचारलं. ती म्हणाली की साचे गुंडाळलेले टॉवेल ओले होते म्हणून मी बदलले, कुठला कशात ते कोण लक्षात ठेवणार.

स्वतःचा शोध घेत होतीस ना? मग कपाळावरची खोक कुठे गेली असं एकदाही विचारावंसं वाटलं नाही? मला आधी हसू आलं, आईने पाणी आणून दिलं इतकं. मग रडू आलं. बाकीच्यांचं सोड, आपल्यालाच आपण ओळखू येत नाही.

आता परवानगीचं बोल.

थोरली


१९ मार्च

ती. थोरलीस,

नमस्कार, आणि या वेळी खरोखरचा.

पत्र घेऊन आरशासमोर गेले. एका हातात साबण आणि वर माझं कपाळ. मग खाली बसले. खोलीतली मैत्रीण विचारत होती की कुणी गेलं का. काय सांगणार, मीच गेले होते.

सरांना जाऊन खरं सांगितलं. ते हसले. म्हणाले की त्यात काय, दोघी सारख्याच दिसता, बोलू नकोस, कुणाला कळणार आहे? थोरले, ते चांगल्या मनाने म्हणाले, मला पास करायचं म्हणून म्हणाले, आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. हेच तर आयुष्यभर ऐकत आले. मी सांगितलं की मला कळतं आणि तिला कळतं, तेवढं पुरे. सगळी तोंडं उतरवली आणि कागदात गुंडाळून पलंगाखाली ठेवली. परीक्षकांना रिकामं बेसिन दाखवीन. नापास केलं तर करू देत, आणखी एक वर्ष बसेन. पण तुला न विचारता तुझं तोंड कुणाच्या हातात देणार नाही.

मी चुकले. तुझी परवानगी लागत नाही असं मी फार जोरात लिहिलं होतं.

लोभ ठेव असं म्हणायचं धाडस आज नाही.

धाकटी


२२ मार्च

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

पलंगाखालून काढ.

काल मी मालकांकडे गेले. त्यांना म्हटलं की मागच्या खोलीत मी बसणार नाही. तोंड माझं आहे, ते मी पुढेच ठेवणार. कुणाला त्याच्यासमोर चष्मा घालायचा नसेल तर गावात दुकानं पुष्कळ आहेत. ते बघतच राहिले. मीही बघतच राहिले, कारण हे सगळं मी बोलत होते. इतकी वर्षं फोडायचं तू आणि गप्प उभं राहायचं मी, अशी आपली वाटणी होती. मला ती आता नको आहे. तुझ्या सरांना वाटतं की काही बोललं नाही तर कुणाला कळणार नाही. माझ्या मालकांनाही तेच वाटत होतं. म्हणून तर कळायला हवं.

तेव्हा परवानगी आहे. पण माझ्या अटींवर. नव्याने ओत आणि खड्डा तसाच राहू दे, सुरी जवळ आणायची नाही. पाटीवरचं ‘फक्त मी’ काढ आणि ‘थोरली’ लिही. कुणी विचारलं तर माझं आहे असं सांग, कुजबुजत नाही, ठणकावून. आणि काचपेटीत ठेवू द्यायचं नाही. धुवायचं म्हणजे धुवायचं.

मी येणार नाही. रुसून नव्हे. त्या दिवशी दुकानात गर्दी असते आणि मला काउंटरवर दिसायचंय.

आई म्हणते साबण डोळ्यांत जाऊ देऊ नकोस. कुणाच्या, ते तिने सांगितलं नाही. लोभ सापडला.

थोरली


३० मार्च

ती. थोरलीस, सा. न. वि. वि.

झालं एकदाचं. सुरुवातीला कुणी जवळ येईना. लोक हात मागे बांधून उभे, जणू तूच तिथे उभी आहेस. मग एका परीक्षकबाईंनी बाह्या सारल्या आणि विचारलं की हे तोंड तुमचं का. मी म्हटलं नाही, माझ्या बहिणीचं. सारखंच तर दिसतंय, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं की मलाही तसंच वाटलं होतं आणि त्यात माझे सहा महिने गेले. सगळं सांगितलं, बुजवलेल्या खड्ड्यासकट. तिने परवानगी दिली का, असं विचारलं. दिली, पण फार हुकूम सोडून दिली. त्या हसल्या नाहीत. तुला उचलून हात धुतले, अगदी हळू, आणि वाळवायला परत फळीवर ठेवलं. मग रांग लागली.

मला वाटलं होतं की मी जिंकल्यासारखी उभी राहीन. तुझं नाक गेलं तेव्हा मला रडू फुटलं, दालनात, सगळ्यांदेखत. संध्याकाळपर्यंत ओठही गेले. खड्डा आत असल्यामुळे बराच वेळ टिकला. सर लांब उभे होते. दुसऱ्या दिवशी दालन रिकामं असताना ते हात धुताना मी पाहिलं.

निकाल लागायचा आहे. लागेल तो लागो, मला पाहिजे ते करून झालं. फळीवर एक शेवटची वडी उरली आहे, आता ती कुणाचीच दिसत नाही. ती ठेवू का धुऊन टाकू, ते तू सांग. तुझी आहे.

बाबांना म्हणावं, वर्तमानपत्र खाली ठेवा. लोभ कमी करू नकोस, मला त्याची सवय आहे.

धाकटी


३ एप्रिल

चि. धाकटीस, अ. आ.

धुऊन टाक. मला ठेवून घेऊन काय करायचंय, मी इथे आहे.

दुकानात लोक अजून बघतात. बघू देत. काल एक आजोबा मला ‘त्या दोघींतली तू कोणती’ असं विचारत होते. मी त्यांच्या नाकावर चौकट बसवली आणि म्हटलं की आता बघा आणि सांगा. त्यांनी बरोबर सांगितलं. मालकांनी ऐकलं आणि चहा मागवला, माझ्यासाठीही.

तुझा साचा माझ्याकडे आहे. आई म्हणते नीट बांधून पाठवून दे. मी पाठवणार नाही. इतके महिने तू स्वतःला शोधायला निघालीस आणि माझ्याकडे बघत बसलीस. तुझं तोंड तू अजून ओतलेलंच नाहीस. ये, आणि स्वतः घेऊन जा. मग साबण कर, साखर कर, गंजव, मुंग्यांना घाल, भर चौकात वितळव. लोक नको म्हणतील, सर म्हणतील, कदाचित मीही म्हणेन. तू कुणाला विचारू नकोस. मला तर मुळीच नाही.

लोभ पुरेसा आहे, भांडायला ये.

तुझी,
थोरली