पाचवीचा विळा

बुधवार, संध्याकाळ

"तुरुंगात कोण बरं व्हायला येतं गं?" मला इथं नर्सची नोकरी लागली तेव्हा कळंबची आत्या म्हणाली होती. आत्या, आज इथं एक जण चक्क जन्माला आली! रुग्णवाहिका फाटकात पोचायच्या आत, महिला बराकीत, माझ्या या हातांत. काय खणखणीत रडली! सगळ्या बायका टाळ्या वाजवत होत्या.

आई कळसची सुनंदा. दिरावर कोयता चालवला म्हणून आत आहे. रुग्णवाहिकेत चढवताना माझा हात सोडेना.

"ताई, रविवारी पाचवी हाय. तवर आमी माघारी येऊ. बाळाच्या उशाला विळा ठिवावा लागतो."

"अगं बाई, इथं टाचणी आणू देत नाहीत, अन् विळा?"

"मग माझ्या पोरीला राखायचं कुणी?"

हसले मी. पण तो विळा डोक्यातून जाईना. मी मानते का हे? माहीत नाही. माझ्या दोन्ही मुलांच्या उशाशी मात्र होता.

उद्या अधीक्षकांना विचारणारच. साहेब, रविवारी एका रात्रीपुरता विळा बराकीत नेऊ द्या. तिच्या हातात नाही देणार. उशाशी मीच धरून बसेन.