एक गाडी, दोन पाळ्या

४ फेब्रुवारी, मंगळवार

गाडीचं तोंड फिरलंय. चाक एकीकडे, हँडल दुसरीकडे, टाकीला हा एवढा पोचा. बारक्याचं खांद्याजवळचं हाड मोडलंय, गुडघा सोलवटलाय. बाकी शाबूत.

काल रात्री पाळी संपवून येताना पुलाच्या उतारावर घसरला. रस्त्यावर तेल सांडलं होतं म्हणतो. पुढे कोणी नव्हतं, मागेही कोणी नव्हतं. नशीबच म्हणायचं! डॉक्टर म्हणाले, महिना-दीड महिना हात गळ्यात. नाव बारक्या, पण उचलून रिक्षात बसवताना माझी कंबर गेली. जेवणाच्या बाबतीत भाऊ कधीच लहान नव्हता.

५ फेब्रुवारी, बुधवार

पहाटे दूधवाल्याच्या टेम्पोत बसून कामावर. कॅनच्या मध्ये, पाय दुमडून. अंगाला आंबट वास. इस्पितळाच्या लाँड्रीत कोणाला कळला नाही, तिथे त्याहून भारी वास असतात.

गाडी किती कामाची होती ते आता कळतंय. पहिली बस सुटायच्या आत माझी पाळी सुरू होते आणि शेवटची बस गेल्यावर बारक्याची, त्याच लाँड्रीतली, पाळी सुटते. म्हणून पहाटे मी गाडी घेऊन जायचो आणि दुपारी बसने परत. तो दुपारी बसने यायचा, रात्री गाडीने घरी. गेटवर चावी द्यायची. वर्षानुवर्षं हेच चाललंय.

एका घरात राहतो, पण मी उठतो तेव्हा तो घोरत असतो आणि तो येतो तेव्हा मी. गेटवर भेटायचो तेवढंच. "पेट्रोल कमी आहे." "मग भर की." असलं काहीतरी. पण भेटायचो.

८ फेब्रुवारी, शनिवार

मिस्त्रीकडे गेलो. त्याने गाडीभोवती दोन चकरा मारल्या, खाली वाकला, सुस्कारा सोडला. आकडा मोठा सांगायचा असला की हा आधी सुस्कारा सोडतो.

इंजिन ठणठणीत आहे. पुढचं सगळं नवं घालावं लागेल. चासी वाकलीय, मशीनवर सरळ होईल.

"नक्की होईल?"

"मोठे, होईल. पण मनात शंका असेल तर आत्ताच विका. मागून मला बोल लावू नका."

घरी आल्यावर हिला सांगितलं. हिचं मत तयारच होतं. "ते धूड नकोच. दोघांना दोन हलक्या स्कूटर घ्या. जुन्या मिळतात. तुमची गाडी तुमची, भाऊजींची त्यांची." बोलणं चुकीचं नाही. ठरवणं पुढे ढकललं. पाठ दुखत होती, झोपलो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

टेम्पो, चादरींच्या इस्त्रीचा रोलर, बस, जेवण, झोप. नाकी नऊ आलेत.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज बारक्याला सरळ विचारलं. दुरुस्त करायची की नवी बघायची? गाडी त्याचीही आहे.

"दे भंगारात," म्हणाला. वर बघितलंसुद्धा नाही.

हा तोच माणूस, जो सुट्टीच्या दिवशी माझा बनियन फाडून गाडी पुसायचा! मी चिडलो. म्हणालो, भंगारात द्यायला तुझं काय जातं, पहाटे दुधाच्या कॅनमध्ये मी बसतो. बोललो आणि वाईट वाटलं. तो उठून आत गेला. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "दुखण्यात असलेल्या माणसाला कशाला छळता?" मी कुठे छळतोय. मी विचारतोय. पण घरात सध्या माझं बोलणं सगळ्यांना ओरडणंच वाटतं. कदाचित असेलही तसं.

२३ फेब्रुवारी, रविवार

फिरायला चल म्हणून बारक्याला मिस्त्रीकडे नेलं. पुढे गेल्यावर त्याला कळलं, पण आला.

गाडी स्टँडवर उभी होती, पुढचं चाक काढलेलं. बारक्या स्टुलावर बसला, गाडीकडे पाठ करून. मिस्त्री चेष्टेने म्हणाला, "रुसलात काय तिच्यावर? हात तरी लावा." मग तो उठला. चांगल्या हाताने क्लच धरला. हात थरथरायला लागला. साधासुधा नाही – लिव्हर खडखड वाजत होता.

"गार वाटतंय," म्हणाला. भर दुपारी.

मिस्त्री शहाणा, लगेच पाना शोधायला आत गेला.

परत येताना बारक्या एकच वाक्य बोलला. "दादा, मी मामाकडे जातो. त्याच्या गोदामात माणूस हवाय, तिथेच राहायची सोय आहे."

मामा राहतो तिथून वर्षातून एकदा येणं झालं तर झालं. मी म्हणालो, बघू. माझा भाऊ घाबरलाय आणि मी त्याला स्कूटर घेऊ की मोटारसायकल घेऊ विचारत बसलोय! नवी आणा, जुनी आणा, रात्री त्या पुलावरून एकट्याने यायचंच आहे. त्याला ते जमणार नाही. आणि ते जमलं नाही तर ही नोकरी नाही, हे घर नाही.

१ मार्च, शनिवार

टेम्पो आला नाही. चालत गेलो. दिवसभर रोलरपुढे उभा राहिलो, चादरी घालत. पाय माझे नव्हतेच.

५ मार्च, बुधवार

सुचलं. इतकं सोपं होतं की आधी का सुचलं नाही याचीच लाज वाटली.

मीच दुसरी पाळी घ्यायची. मग दोघं बरोबर जायचं, बरोबर यायचं. गाडी मी चालवणार, तो मागे बसणार. रात्री पूल आला की डोळे मिटून घे म्हणावं. दोन गाड्या लागतच नाहीत! आणि आम्हा दोघांचं वजन त्या हलक्या स्कूटरवर टाकलं तर ती कोपऱ्यावरच बसेल. म्हणजे गाडी दुरुस्तच करायची. इतके दिवस डोक्याला ताप झालेला प्रश्न असा चुटकीसरशी सुटला.

मॅडमकडे गेलो. पाळ्या त्याच लावतात. पहिल्या पाळीसाठी लोक वर्षानुवर्षं वाट बघतात आणि हा माणूस ती सोडायला आलाय म्हटल्यावर त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "घरी सगळं ठीक आहे ना?" म्हणाल्या, पाळ्यांचा तीन महिन्यांचा नवा तक्ता लागेल तेव्हा बघते.

हिला सांगितलं. हिने घासलेलं भांडं परत घासलं. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही मला दिसणार कधी?" दुपारी मी घरी असतो, तोच आमचा वेळ. तेवढाच. शेवटी तीच म्हणाली, "घ्या. भाऊजी गेले तर तुम्ही दुपारी घरी असूनही नसल्यासारखेच असाल."

बारक्याला सांगायचं नाही असं ठरलं. माझ्यासाठी पहिली पाळी सोडू नको म्हणून हटून बसेल. एकदा पक्कं झालं की मग सांगू.

९ मार्च, रविवार

नवल! बारक्या आपणहून म्हणाला, "दादा, गाडी विकू नको. दुरुस्तच करू."

"आणि मामाकडे?"

"बघू पुढचं पुढे." मग जरा थांबून, "मिस्त्रीला सांग, मागचं सीट नीट बसव. ते डुगडुगतं."

भीती गेली वाटतं. हिला म्हणालो, बघ, वेळ हेच औषध. मागचं सीट तो का म्हणाला ते विचारायचं राहूनच गेलं. गडबडीत मिस्त्रीकडे जाऊन हो सांगून आलो. त्याने परत सुस्कारा सोडला, पण या वेळी आनंदाचा.

१७ मार्च, सोमवार

गाडी आली. टाकी दुसऱ्या कुठल्या तरी गाडीची, लाल रंग जरा जास्तच लाल. हिने नाक मुरडलं. हँडल किंचित डावीकडे ओढतंय. मिस्त्री म्हणतो, सवय होईल. बारक्याला मागे बसवायच्या आत सवय व्हायला उरलेत किती दिवस! पण आवाज तोच आहे. कोपऱ्यापर्यंत चक्कर मारली. बारक्या दारात उभा राहून बघत होता. बस म्हटलं मागे, तर म्हणाला, "आत्ता नको. बसायचंच आहे." आणि गालातल्या गालात हसला.

२१ मार्च, शुक्रवार

बारक्याचा हात मोकळा झाला. थोडा वर जातो. आज किती दिवसांनी घरात कोणी गुणगुणतंय. मी थकलोय, पण आजचा थकवा बरा आहे. उद्या मॅडमना त्याचं डॉक्टरचं प्रमाणपत्र द्यायला दोघंही जाणार. तिथेच माझ्या पाळीचं कळेल. त्याचं तोंड बघण्यासारखं होईल.

२२ मार्च, शनिवार

मी दुसऱ्या पाळीत. बारक्या पहिल्या पाळीत. त्यानेही मॅडमना भेटून मागून घेतली होती, माझ्या मागे बसून जाता यावं म्हणून. मला सांगितलं नव्हतं, कारण मी नको म्हणालो असतो.

मॅडम म्हणाल्या, "मला वाटलं, दोघं ठरवूनच आलात. सरळ अदलाबदल केली. आता तीन महिने मी कशालाही हात लावणार नाही."

आम्ही बाहेर पायरीवर बसून राहिलो. हसू आलं, मग ते थांबलं. सोमवारी पहाटे, अंधारात, पुलावरून गाडी त्यालाच न्यायची आहे. मी म्हणालो, तू मामाकडे गेलास तरी मी काही म्हणणार नाही.

त्याने हात पुढे केला. थरथरत होता, पण पुढे होता. "दे चावी. दुपारी गेटवर भेटू."