बाद सरगुंडे

बाबा, यंदा अखजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, आपल्याकडे सरगुंडे वळले नाहीत. पास्ता केला. हा शब्द तुमच्या कानावरून कधी गेला नसेल म्हणून सांगते. सरगुंड्यासारख्याच पोकळ नळ्या असतात, कारखान्यात होतात आणि इथे माझ्या नेरच्या कुठल्याही किराणा दुकानात पाकिटात मिळतात. उकळत्या पाण्यात टाकल्या की आपला चहा पिऊन होईस्तोवर शिजतात. त्यासाठी कणीक तिंबावी लागत नाही, एकेक दोरी काडीवर गुंडाळत बसावं लागत नाही, कोणाची कंबर धरत नाही. ज्या सरगुंड्यांसाठी तुम्ही आईचे सगळे उन्हाळे खाल्ले, ते काम इतकं सोपं निघालं हे तुम्हाला कळलंच पाहिजे, म्हणून लिहायला बसले. तुमची आठवण आली म्हणून नाही.

मारेगावच्या आपल्या घराचं ते स्वयंपाकघर मला अजून दिसतं. वर तापलेला टिनाचा पत्रा, खाली आई पाय पसरून बसलेली. ती कणकेची बारीक दोरी ओढते, काडीवर वेटोळे घेत गुंडाळते, तळहाताने पाटावर एकदा फिरवते आणि अलगद काडी काढून घेते. सुपात पांढरं फडकं, फडक्यावर सरगुंडे. कपाळावरचा घाम कणकेत पडू नये म्हणून ती मान तिरपी ठेवते. दुपारी तुम्ही जिनिंगमधून यायचे. तिथे तुमचं काम कापसाची प्रत ठरवायचं. चिमूटभर कापूस दोन अंगठ्यांत धरून ओढायचा, धागा बघायचा आणि एक शब्द टाकायचा. गाडी घेऊन आलेला माणूस त्या शब्दासाठी श्वास रोखून उभा राहायचा. ते तुमचं काम होतं, ठीक आहे. पण तुम्ही ते काम घरी जेवायला घेऊन यायचे. ताटातला सरगुंडा दोन बोटांत उचलायचे, दाराच्या उजेडासमोर धरायचे, एक डोळा मिटून आरपार बघायचे. उजेड दिसला तर आंब्याच्या रसात. नाही दिसला तर “बाद”, आणि तो ताटाच्या कडेला. आई वाटीभर रस घेऊन बाजूला उभी. तुमचं झालं की त्याच ताटात ती बसायची, ते बाद सरगुंडे आणि कोया-सालं धुतलेला पाणचट रस घेऊन. अख्खा जन्म तिने तुमचं बाद खाल्लं, आणि तुम्ही हात धुऊन बाजेवर आडवे व्हायचे.

एका अखजीला तिच्या अंगात ताप होता म्हणून मी तिच्यासोबत वळायला बसले होते. मला ते काम मोठ्या माणसांचं वाटायचं, म्हणून मी खूश होते. तुम्ही एक उचलला, दुसरा उचलला, आणि कडेला ढीग वाढत गेला. “हे काय केलं वो? पोरीचा हात लागला का याले? असा माल जिनात आनला असता तं गाडी वापस धाडली असती म्या!” आई म्हणाली, “म्याच वळले. नजर कमी झाली माही.” तुम्ही ताट सरकवलं. ती तापातच पुन्हा कणीक घेऊन बसली आणि तुम्ही भिंतीला टेकून वाट पाहिली, ‘राहू दे’ म्हणाले नाहीत. त्यानंतर तुम्ही तिला आयुष्यातली एकुलती एक भेट आणली. सायकलच्या चाकाच्या तारांची जुडी. “याच्यावर सारखे येतीन,” म्हणाले. तिने ती दोन्ही हातांनी घेतली आणि शेजारणीला दाखवून आली. तिला किती आनंद झाला होता ते आठवलं की मला आजही तुमचा राग येतो. तुम्ही तिला इतक्यावर भागवायला शिकवलंत.

तुम्ही गेलात तरी पहिलं ताट तुमचंच राहिलं. मला भाऊ नाही, म्हणून आई माझ्याकडे असते आणि अखजीची पितरांची घागरही माझ्याकडेच भरते. तुमच्या फोटोपुढे ताट ठेवल्याशिवाय ती पाण्याचा घोट घेत नाही. यंदा सकाळी तिने पेटीतून त्या तारा काढल्या, पण तिची बोटं आता मिटत नाहीत. कणीक तारेवरून घसरत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते बोटं दुखतात म्हणून नाही. म्हणाली, “त्याह्यचं ताट सुनं राह्यते वो.” माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, “आई, तुले काय आवडते ते सांग एकडाव. आज तेच करू.” ती म्हणाली, “मले काय आवडन? तुह्या बाबाले सरगुंडे आवडत.” बाबा, मी तिला हे किती वर्षांपासून विचारते आहे. दर वेळी उत्तरात तुम्ही निघता. ती आता थकली आहे. ती जायच्या आधी एकदा तिच्या तोंडून तिची स्वतःची आवड ऐकायची, एवढंच मला हवं होतं, आणि तुम्ही तिथेही आडवे पडलेले.

मग मी मोबाइलवर पाहिलेला पास्ता काढला. तिथे एक पोरगी ‘फ्यूजन डेझर्ट’ म्हणून मोठ्या कौतुकाने सांगत होती आणि मला हसू येत होतं, कारण ते आपले रस-सरगुंडेच होते, फक्त साय लावून नटलेले. नळ्या उकडून थंड पाण्यातून काढल्या. डब्यातलं घट्ट गोड दूध आणि वेलदोडा घालून कालवल्या. काचेच्या ग्लासात खाली बिस्किटांचा चुरा, त्यावर नळ्या, त्यावर गावरान आंब्याचा रस, सगळ्यात वर घुसळलेली साय. ग्लासात वाढलं की प्रत्येकाचं त्याचं त्याला मिळतं, कडेला काढून ठेवायला जागाच नसते. फ्रिजमध्ये गार होईस्तोवर आई आत आली आणि उरलेल्या नळ्या पाहून थबकली. “एवढे कोनं वळले वो? कंबर गेली असन तिची.” मी म्हटलं, “मशीननं वळले.” तिने जरा विचार केला. “मशीन हाय का? मंग बरं हाय. तिले कोनी बोलत नसन.”

पहिला ग्लास मी तिच्या हातात दिला. तिने तुमच्या फोटोकडे पाहिलं. तिथेही एक ग्लास होता. तेव्हा ती खुर्चीत नीट बसली, एक नळी दोन बोटांत उचलली, खिडकीच्या उजेडासमोर धरली आणि एक डोळा मिटला. हे मी तिला कधीच करताना पाहिलं नव्हतं. “भोक बराबर हाय,” असं म्हणून तिने ती खाल्ली. मग म्हणाली, “पन माहे याहून चांगले होत.” मी म्हटलं, “होत ना.” आणखी दोन घास झाल्यावर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “बादवालेबी चांगलेच होते.” मग चमच्याने ग्लासाची कड निपटत, “हे वरची साय आवडली मले.” एवढं बोलून ती उठली, तुमच्यापुढचा ग्लास उचलून घेतला आणि पुन्हा बसली. “त्याह्यनं हे बादच केलं असतं,” म्हणाली, आणि साय आधी खाल्ली.

हरलात तुम्ही, बाबा. हे तुम्हाला पोचवायची सोय असती तरी हा कागद मी धाडला नसता, कारण त्यात एक गोष्ट लिहावी लागते आहे. तुमच्यासाठी काही ठेवायचं नाही असं मी सकाळीच ठरवलं होतं, आणि आईने तो ग्लास ठेवायला मला सांगितलं नव्हतं. मीच ठेवला. ठेवून फोटोपुढे जराशी उभीही राहिले, तुम्ही काय म्हणता ते ऐकायला.