टिचकी आणि भिंगरी

३ फेब्रुवारी, सोमवार

भिंगरी! अमृतनं त्याच्या नव्या ॲपचं नाव काय ठेवलंय, तर भिंगरी. आणि लोक वेडे झालेत.

जशी काही जगातली पहिलीच! दोन कळा दाबायच्या, स्क्रीनच्या मधोमध छोटी पट्टी येते, हव्या त्या ॲपची पहिली दोन अक्षरं टाइप करायची, की ॲप उघडलं. माउसला हात लावायला नको. माझी टिचकी हेच करते. कॉलेजात असल्यापासून करते. फुकट करते! कौतुक कुणी केलं? बोटावर मोजण्याइतक्यांनी, आणि त्यातले दोघे माझे मेव्हणे.

सांगलीला कॉलेजात मी आणि अमृत एका खोलीत राहायचो. टिचकीची पट्टी पहिल्यांदा स्क्रीनवर आली तेव्हा हा माझ्यामागं उभा राहून भडंग खात होता. आता आष्ट्याला घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करतो आणि उरलेल्या वेळात माझ्या कल्पनेवर नाव कमावतो.

संध्याकाळी त्याचाच फोन. "सुमंता, वापरून बघ की रं जरा. तुझ्यागत बारीक बघणारा दुसरा कोण न्हाई मला."

"बघतो की. झकास दिसतेय!" म्हणालो. जीभ कशी झडली नाही!

५ फेब्रुवारी

भिंगरी उतरवून घेतली. चुका शोधायला. फक्त चुका शोधायला!

दोन्ही एकाच कळांवर चालत नाहीत म्हणून टिचकीच्या कळा तिला दिल्या. तात्पुरत्या.

८ फेब्रुवारी, शनिवार

कॉलेजच्या लॅबच्या सरांचा फोन आला होता. लॅबमधल्या सगळ्या कॉम्प्युटरवर असं एक ॲप घालायचंय, आपल्याच माजी विद्यार्थ्याचं. बावीस तारखेला मी आणि अमृत दोघांनी येऊन आपापलं दाखवायचं, मुलं ठरवतील. म्हणजे दर वर्षी नवी पोरं येणार आणि पहिल्या दिवसापासून त्यांच्या बोटांना एकाचीच सवय लागणार. टिचकीची! लागलीच पाहिजे. ही संधी गेली तर टिचकी कुणाला आठवणारही नाही.

आनंदानं ज्ञानदाला सांगायला गेलो. ती शाळेची प्रश्नपत्रिका टाइप करत होती. स्क्रीनवर भिंगरी!

"अरे, ही पटकन उघडते रे," म्हणाली. लग्नाची बायको! घरातच फितुरी!

जेवलो नाही. नंतर भूक लागली म्हणून जेवलो.

११ फेब्रुवारी

सापडली! चूक सापडली!

मराठी कीबोर्ड चालू असताना इंग्रजी नावाचं ॲप शोधलं की भिंगरी आंधळी होते. आपल्याकडं तर अर्धे लोक कीबोर्ड बदलायचं विसरतात. टिचकीत मी हे कधीच सोडवलंय.

अमृतला सांगितलं नाही. सांगणारही नाही. बावीस तारखेला सगळ्यांसमोर मराठीत टाइप करून दाखवणार. दिवसभर गुणगुणत होतो. ज्ञानदा म्हणाली, "बरं नाही का?"

१४ फेब्रुवारी

सत्यानाश. त्यानं स्वतःच दुरुस्त केली. वर जगजाहीर लिहिलंय — "ही युक्ती माझा मित्र सुमंत याच्या टिचकीत बघून शिकलो. त्याचे आभार."

आभार! चोरी केली असती तर भांडता तरी आलं असतं. हा माणूस मला सुखानं जळूही देत नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

टिचकीचा नवा अवतार आज सोडला. आठवडाभर ऑफिसच्या कामाकडं नीट बघितलं नाही. पट्टीला नवे रंग, मागं हलकी सावली, उघडताना जराशी उसळी. भिंगरीत उसळी नाही! ज्यांच्याकडं टिचकी आहे त्यांच्याकडं आपोआप जाईल.

तपासली का? तपासली की. कोड लिहितो त्या खिडकीतून चालवून बघितली, फर्स्टक्लास चालली.

१९ फेब्रुवारी

एकही तक्रार नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्या! निळा शर्ट इस्त्रीला दिलाय. काय बोलायचं ते आरशासमोर दोनदा म्हणून झालं.

अजूनही एकही तक्रार नाही. दरवेळी नवं काही सोडलं की कुणीतरी कुरकुरतंच. या वेळी शांतता. याला म्हणतात काम! ज्ञानदाला सांगितलं, तर म्हणते, "तक्रार नाही म्हणजे वापरतंय तरी कोण?"

हसण्यावारी नेलं. पण मनातून उतरेना. अमृतला हे ऐकून घ्यावं लागत नसणार. त्याची आई त्याच्या कॉम्प्युटरला हळदकुंकू लावते म्हणे.

२२ फेब्रुवारी

सकाळीच अमृतचा फोन. "सुमंता, निघायच्या आदी टिचकी बघ गड्या. सोमवारपासनं उघडतच न्हाई. मला वाटलं, तुज्या ध्यानात आलंच आसंल, म्हणून गप बसलो."

"तुला कसं कळलं?"

"कसं म्हंजे? मी टिचकीच वापरतो की रं. भिंगरी लोकांसाठी. हाताला सवय तुजीच हाय."

फोन ठेवला. कॉम्प्युटर चालू केला, टिचकीच्या दोन कळा दाबल्या.

भिंगरी आली.